क्रंच, बर्नआउट आणि आपण चाहते: आपल्या काळजीचा उपयोग नेमका कुठे होतो?

रानवारा (प्रश्नकर्ता)

नमस्कार. मोठ्या स्टुडिओंचे गेम मी आवडीने खेळतो आणि एखाद्या मालिकेच्या पुढच्या भागाची वाट इतर चाहत्यांइतक्याच आतुरतेने पाहतो. मात्र हे गेम ज्या परिस्थितीत तयार होतात त्याविषयी जसजसे वाचत गेलो, तसतसा एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. येथे या क्षेत्रात काम केलेले सदस्यही आहेत, म्हणून तो सविस्तर मांडतो.

क्रंचची, म्हणजे रिलीजच्या आधी आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या जादा कामाची चर्चा नवी नाही. 2004 साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स (ईए) या गेम कंपनीतील एका डेव्हलपरच्या वाग्दत्त वधूने ‘ईए स्पाउज’ या टोपणनावाने इंटरनेटवर लेख लिहिला होता. सकाळी 9 ते रात्री 10, आठवड्याचे सातही दिवस अशी सक्तीची हजेरी आणि रात्री उशिरा घरी येणाऱ्या माणसाची न थांबणारी डोकेदुखी, बिघडलेले पोट यांचे त्यात साधे, सरळ वर्णन होते. त्याच सुमारास कलाकारांनी आणि प्रोग्रामरांनी ओव्हरटाइमसाठी त्या कंपनीवर भरलेले दावे पुढे अनुक्रमे 1 कोटी 56 लाख आणि 1 कोटी 49 लाख डॉलरच्या तडजोडीने मिटले. हे सारे घडून दशकाहून अधिक काळ उलटला, तरी 2018 मध्ये ‘रेड डेड रिडेम्पशन 2’च्या वेळी शंभर तासांच्या आठवड्यांचा उल्लेख खुद्द तो गेम बनवणाऱ्या रॉकस्टारच्या सहसंस्थापकाच्या मुलाखतीत आला. तो आकडा चार ज्येष्ठ लेखकांच्या तीन आठवड्यांपुरता होता, असा खुलासा त्यांनी नंतर केला खरा. पण त्याच महिन्यात अनेक आजी-माजी कर्मचाऱ्यांनी आपापले अनुभव सांगितले आणि ते काही चार माणसांपुरते नव्हते.

‘सायबरपंक 2077’च्या बाबतीत तर मी स्वतः चाहता म्हणून गोंधळून गेलो. कोणावरही जादा कामाची सक्ती होणार नाही, असे आश्वासन स्टुडिओच्या प्रमुखांनी 2019 मध्ये दिले होते. सप्टेंबर 2020 मध्ये सहा दिवसांचा आठवडा सक्तीचा झाल्याची बातमी आली. ऑक्टोबरच्या अखेरीस तारीख पुन्हा तीन आठवड्यांनी पुढे गेली, तेव्हा काही चाहत्यांनी डेव्हलपरांना जिवे मारण्याच्या धमक्या पाठवल्या. म्हणजे ज्या माणसांच्या श्रमांची आपल्याला काळजी वाटायला हवी, त्यांच्यावरच आपल्यातले काही जण तुटून पडले.

माझा प्रश्न असा आहे. असे वृत्त आले की गेम विकत घेऊ नये का? तारीख पुढे ढकलली की तिचे स्वागत करावे का? आणि मुळात आपण व्यक्त केलेली काळजी त्या माणसांपर्यंत काही उपयोगाच्या रूपात पोहोचते का, की आपल्याच मनाच्या समाधानापुरती राहते?

रात्रपाळी

रानवारा, प्रश्न नेमका विचारलात. मी काही वर्षे गेमप्ले प्रोग्रामर म्हणून काम केले आहे आणि दोन मोठ्या रिलीजच्या क्रंचमधून गेलो आहे, त्यामुळे आतली बाजू सांगू शकेन. स्टुडिओचे नाव सांगणार नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की क्रंच म्हणजे शेवटच्या टप्प्यातला जोर, परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या अभ्यासासारखा. प्रत्यक्षात त्याची मुळे दीड-दोन वर्षे आधीच्या निर्णयांत असतात. गेम मजेदार आहे की नाही हे कागदावर ठरत नाही, ते हातात कंट्रोलर घेतल्यावरच कळते, आणि जेव्हा कळते तेव्हा बरेच काम झालेले असते. अशा वेळी एखादा भाग वगळण्याचे धैर्य वरच्या मंडळींनी दाखवले तर वेळापत्रक सावरते. बहुतेकदा तसे होत नाही, कारण तो भाग ट्रेलरमध्ये दाखवून झालेला असतो, तारीख जाहीर झालेली असते आणि कंपनीच्या आर्थिक वर्षाचा हिशेब त्या तारखेवर बेतलेला असतो.

एक छोटे उदाहरण देतो. रिलीजला काही महिने उरले असताना एका पात्राचा एकच संवाद बदलायचे ठरले, कारण कथेतला एक दुवा मध्येच काढून टाकला होता. संवाद जेमतेम दोन वाक्यांचा. पण त्यासाठी कलाकाराला पुन्हा बोलावून आवाज ध्वनिमुद्रित करावा लागला. वाक्याची लांबी बदलल्यामुळे ओठांची हालचाल जुळेना, ती अॅनिमेटरने पुन्हा केली. पात्र आता दोन सेकंद जास्त उभे राहत असल्याने कॅमेऱ्याचा कट सरकला, कट सरकल्यामुळे मागच्या भिंतीवरचा अपुरा राहिलेला प्रकाश दिसू लागला. प्रत्येक भाषेतली सबटायटल्स पुन्हा भाषांतराला गेली. आणि त्या प्रसंगातून बाहेर पडण्याचे जितके मार्ग होते तितक्या वेळा टेस्टरांनी तो प्रसंग पुन्हा खेळून पाहिला, तेव्हा एका मार्गात पात्र दारातच अडकून पडते असे निघाले; तो बग माझ्या नावावर आला. हे एका संवादाचे झाले. अखेरच्या महिन्यांत असे बदल रोज होतात आणि प्रत्येक बदल रात्रीच्या बिल्डच्या, म्हणजे सगळे बदल एकत्र करून तयार होणाऱ्या गेमच्या ताज्या आवृत्तीच्या, आधी आत जायला हवा असतो. बिल्ड मोडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणालाच काही तपासता येत नाही, म्हणून ज्याच्या बदलाने तो मोडला तो माणूस रात्री जागाच राहतो.

आता तारीख पुढे ढकलण्याविषयी. येथे चाहत्यांचा प्रामाणिक गैरसमज होतो. तारीख पुढे गेली म्हणजे लोकांना उसंत मिळाली, असे नेहमीच नसते. कामाचा पसारा तोच ठेवून तारीख तीन आठवड्यांनी हलवली, तर क्रंच तीन आठवड्यांनी लांबतो, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही दिलेल्या ‘सायबरपंक’च्या उदाहरणातच पाहा: जानेवारी 2020 मध्ये तो गेम एप्रिलवरून सप्टेंबरवर गेला, तेव्हा त्यानंतरही काही प्रमाणात क्रंच लागेल असे कंपनीच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांशी बोलताना मान्य केले होते. पुढे ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेम ‘गोल्ड’, म्हणजे विक्रीसाठी तयार, झाल्याचे जाहीर झाले आणि तीन आठवड्यांत पुन्हा नवी तारीख आली. शेवट दिसतो आहे म्हणून उरलीसुरली ताकद लावलेल्या माणसाला तो शेवट आणखी पुढे सरकलेला दिसतो, तेव्हा त्याच्या आत काय तुटते हे मी जवळून पाहिले आहे.

उपयोगाची मुदतवाढ ती, जी लवकर जाहीर होते, पुरेशी मोठी असते आणि जिच्याबरोबर काही भाग गाळलेही जातात. निन्टेंडोने जून 2019 मध्ये ‘अॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ त्या वर्षाऐवजी 20 मार्च 2020 रोजी येईल असे सांगितले, आणि कर्मचाऱ्यांच्या कामाचा व खासगी आयुष्याचा तोल हे त्यामागचे एक कारण असल्याचे कंपनीच्या अमेरिकी शाखेच्या प्रमुखांनी मुलाखतीत स्पष्ट केले. त्या गेमच्या पुढे 4 कोटींहून अधिक प्रती खपल्या. तेव्हा आपण चाहते म्हणून स्वागत करायचे असेल तर अशा मुदतवाढीचे मोठ्या आवाजात करावे, कारण अशी घोषणा होताच गुंतवणूकदारांची नाराजी कंपनीच्या कानावर लगेच पडते. खेळाडूंचा पाठिंबाही तितकाच स्पष्ट ऐकू आला पाहिजे.

मोहोर

रात्रपाळी यांचे विवेचन पटण्यासारखे आहे, पण एक मुद्दा राहतो असे मला वाटते. सगळाच क्रंच सक्तीचा नसतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ एका माणसाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने, अतिशय दीर्घ तास काम करून बनवला आणि त्याला कोणी जबरदस्ती केली नव्हती. अनेक डेव्हलपर अभिमानाने सांगतात की ते आपल्या इच्छेने थांबले. एखाद्याने आपल्या कलेसाठी झिजायचे ठरवले, तर बाहेरच्या चाहत्याने त्याला थांबवणे योग्य आहे का? शिवाय जादा तास काम केल्याने गेम चांगला होत असेल, तर तो सौदा काहींना मान्य असू शकतो.

रात्रपाळी

मोहोर, एकट्याने स्वतःचा गेम बनवणाऱ्या माणसाविषयी मी काही म्हणणार नाही. वेळापत्रक त्याचे, तारीख त्याची आणि यश आले तर उत्पन्नही त्याचेच. काही शे माणसांच्या स्टुडिओत ‘इच्छेने’ हा शब्द तसाच उरत नाही. शेजारच्या दहा खुर्च्या रात्री भरलेल्या असताना संध्याकाळी उठून जाणाऱ्याला कोणी अडवत नाही, पण पुढच्या पदोन्नतीच्या वेळी कोण थांबला होता आणि कोण गेला होता हे सर्वांच्या लक्षात असते. नवखा मुलगा हे पहिल्याच महिन्यात शिकतो.

जादा तासांनी गेम चांगला होतो, हे गृहीतक तर मला मुळातच मान्य नाही. जॉन पेन्कॅवेल या अर्थशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदींवरून 2014 मध्ये दाखवून दिले की आठवड्याला साधारण 50 तासांनंतर दर तासाचे उत्पादन घसरू लागते आणि 70 तास काम करणाऱ्यांच्या हातून 56 तासवाल्यांपेक्षा फारसे जास्त काही होत नाही. तेथे निदान हाताचे काम होते. आमच्या कामात थकलेला माणूस कमी काम करतो एवढ्यावर भागत नाही, तो नवे बग निर्माण करतो. रात्री एक वाजता केलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उलगडत बसण्याचा अनुभव माझ्या ओळखीच्या प्रत्येक प्रोग्रामरला आहे.

आणि शरीराचे काय? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी, तर रक्तपुरवठा कमी पडून होणाऱ्या हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे 17 टक्क्यांनी अधिक असतो. बर्नआउटला त्याच आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या वर्गीकरणात कामाशी निगडित अवस्था म्हणून स्थान दिले. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा आणि हातून काही धड होत नाही असे वाटणे, ही त्याची तीन लक्षणे.

माझ्या एका सहकाऱ्यात ही तिन्ही क्रमाने दिसली. तो आमच्यातला सर्वांत हुशार प्रोग्रामर होता. रिलीजनंतरच्या आठवड्यात तो नेहमीप्रमाणे यायचा, स्वतःच लिहिलेली फाइल उघडायचा, खालीवर करायचा आणि बंद करायचा. विचारले तर म्हणायचा की ओळी दिसतात पण अर्थ लागत नाही. त्याला महिन्याभराची सुट्टी मिळाली, पण परत आल्यावरही ते गेले नाही. शेवटी त्याने हे क्षेत्रच सोडले. मोहोर, हा सौदा त्याला मान्य होता का, हे त्याला कोणी कधी विचारलेच नव्हते.

चाचणीकार

मी टेस्टर आहे, आणि या चर्चेत आमचा उल्लेख ओझरताच होतो म्हणून लिहीत आहे.

प्रोग्रामर आणि कलाकार निदान कायमच्या नोकरीवर असतात. टेस्टरांपैकी पुष्कळ जण कंत्राटी असतात. आमचा दिवस ‘गेम खेळण्याचा’ असतो असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात आम्ही एखाद्या नकाशातली प्रत्येक भिंत पात्राला घासत चालवतो, प्रत्येक कोपऱ्यात उडी मारतो आणि कुठे पात्र भिंतीतून आरपार जाते ते नोंदवतो. बिल्ड बदलला की पुन्हा पहिल्या भिंतीपासून सुरुवात. बग नुसता सापडून भागत नाही, तो पुन्हा घडवून दाखवावा लागतो, नाहीतर ‘पुन्हा घडत नाही’ असा शेरा मारून नोंद बंद होते. क्रंचमध्ये हे बारा-बारा तास चालते, आणि गेम बाजारात गेला की कंत्राट संपते. म्हणून आमच्यापैकी अनेकांना क्रंचची जितकी भीती वाटते, तितकीच तो संपण्याचीही वाटते.

खेळाडूंना एखादा बग दिसला की पहिला प्रश्न येतो, टेस्टर झोपले होते का? बहुतेक वेळा तो बग आम्ही कधीच नोंदवलेला असतो. तो दुरुस्त करण्यापेक्षा तारीख पाळणे महत्त्वाचे, हा निर्णय दुसऱ्या कोणीतरी घेतलेला असतो. ‘सायबरपंक’च्या जुन्या कन्सोलवरच्या अवस्थेमुळे सोनीने तो रिलीजनंतर आठवड्याभरात आपल्या दुकानातून काढला आणि जून 2021 पर्यंत परत ठेवला नाही. तेव्हाही अशाच टीकेचा भडिमार टेस्टरांवर झाला होता.

दुसरी गोष्ट श्रेयनामावलीची. वर्षानुवर्षे काम करून रिलीजच्या आधी सोडून गेलेल्या, किंवा कंत्राट संपलेल्या माणसाचे नाव अनेकदा गेमच्या शेवटी येतच नाही. 2011 च्या ‘एल. ए. न्वार’च्या वेळी शंभराहून अधिक जणांची नावे वगळली गेल्याचे माजी कर्मचाऱ्यांनी पुढे आणले होते. याचा क्रंचशी थेट संबंध आहे: शेवटपर्यंत टिकलात तरच नाव, हे माहीत असलेला माणूस आजारी असूनही टिकून राहतो.

बदल कुठून येतो, याचे एक उदाहरण माझ्या मनात पक्के आहे. डिसेंबर 2021 मध्ये रेव्हन सॉफ्टवेअर या गेम स्टुडिओमध्ये काही कंत्राटी टेस्टरांना काढून टाकण्यात आले, बाकीच्यांनी काम बंद केले आणि मे 2022 मध्ये 19 विरुद्ध 3 मतांनी तेथे युनियन उभी राहिली. तेवढ्याच माणसांचे ते मतदान, पण पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला झेनिमॅक्स या गेम कंपनीच्या सुमारे 300 टेस्टरांचीही युनियन झाली. संपाच्या काळात खेळाडू आर्थिक मदत करत होते, पाठिंब्याचे संदेश लिहीत होते. संप करणाऱ्या माणसाला ते संदेश दिसतात, आणि कंपनीच्या व्यवस्थापनालाही दिसतात. रानवारा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे आहे की काळजी पोहोचते, पण ती एखाद्या ठोस मागणीच्या मागे उभी राहिली तर.

रानवारा

तिघांचेही मनापासून आभार. मुदतवाढीविषयीचा माझा समज आजवर किती अर्धवट होता हे लक्षात आले. बहिष्काराविषयी मात्र अजून कोणी लिहिलेले नाही. तसेच, वाईट अवस्थेत आलेल्या गेमला कमी गुण द्यावेत की त्यामागच्या श्रमांचा विचार करून हात राखून लिहावे?

रात्रपाळी

बहिष्काराविषयी माझे मत ठाम आहे: तेथे काम करणारे लोक स्वतः आवाहन करत नाहीत तोवर तो करू नये. अनेक स्टुडिओंत बोनस विक्रीवर किंवा समीक्षेच्या गुणांवर अवलंबून असतो. 2010 च्या ‘फॉलआउट: न्यू वेगास’ची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. समीक्षांच्या गुणांची सरासरी दाखवणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर 85 गुण मिळाले असते तर तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला बोनस मिळणार होता, मिळाले 84. एका गुणाने तो हुकला. ‘रेड डेड रिडेम्पशन 2’च्या 1 कोटी 70 लाखांहून अधिक प्रती पहिल्या काही दिवसांतच दुकानांकडे गेल्या होत्या, तेवढ्या मोठ्या आकड्यात काही हजारांचा बहिष्कार वरच्या माणसाला जाणवत नाही, आणि जेथे जाणवतो तेथे त्याची झळ बहुधा नोकरकपातीच्या रूपाने खालच्यांनाच लागते. त्यापेक्षा प्री-ऑर्डर करू नका. गेम कोणत्या अवस्थेत आहे हे पाहून मग विकत घ्या. तारीख गाठण्यासाठी अर्धवट गेम बाहेर काढण्याचा मोह प्री-ऑर्डरच्या आकड्यांवरच पोसला जातो.

समीक्षा लिहिताना हात राखू नका. बिघडलेल्या गेमला चांगले म्हटल्याने आमचे भले होत नाही, उलट त्या पद्धतीने गेम बनवणे परवडते असा संदेश जातो. फक्त नेमके लिहा. ‘आळशी डेव्हलपर’ असे लिहिण्याऐवजी ‘हा गेम आणखी सहा महिने हवा होता आणि तारीख ठरवणाऱ्यांनी ते दिले नाहीत’ असे लिहिलेत, तर तो मजकूर स्टुडिओच्या बैठकीत वाचून दाखवता येतो. आम्ही तसा दाखवलेला आहे. आणि ज्या स्टुडिओत माणसांना जपले जाते, त्याचा उल्लेख समीक्षेत आवर्जून करा. ‘हेडीस’ बनवणाऱ्या सुपरजायंटमध्ये कर्मचाऱ्यांनी वर्षाला किमान 20 दिवस रजा घेणे बंधनकारक आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर कामाचे ईमेल पाठवायचे नाहीत, असा दंडक आहे. तो गेम किती उत्तम झाला हे तुम्ही जाणताच.

मोहोर

माझ्या आधीच्या प्रतिसादातील ‘इच्छेने’ या शब्दावर रात्रपाळींनी लिहिलेले मला पटले, एकट्याने काम करणाऱ्यांविषयीचे माझे म्हणणे मात्र कायम आहे. वाट पाहण्याविषयी एक भर घालतो. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ फेब्रुवारी 2019 मध्ये जाहीर झाला आणि सप्टेंबर 2025 मध्ये आला. मधल्या काळात प्रत्येक कार्यक्रमाखाली ‘कुठे आहे?’ असा धोशा चालू होता. अखेर त्या छोट्या टीमने सांगितले की काम कुठे अडलेले नव्हते, त्यांना ते करण्यात आनंद मिळत होता म्हणून वेळ लागला. बाहेर आपण जे संकट समजत होतो, ते आत बसलेल्यांसाठी संकट नव्हतेच. तेव्हा एखादा स्टुडिओ बराच काळ गप्प असेल, तर लगेच वाईट अर्थ काढून त्यांना रोज डिवचू नये, असे मला वाटते.

चाचणीकार

मोहोर यांच्याशी सहमत. रानवारा, तुम्हाला लगेच करता येण्याजोगे आणखी एक काम सांगतो. बग सापडला तर समाजमाध्यमावर त्याचा व्हिडिओ टाकून थांबू नका, स्टुडिओच्या अधिकृत नोंदणीत तो नोंदवा: कोणते यंत्र, कोणती आवृत्ती, त्याआधी तुम्ही काय केले होते आणि पुन्हा केल्यावर पुन्हा घडले का. एवढ्या चार गोष्टी लिहिल्यात, तर दुसऱ्या बाजूला बसलेल्या टेस्टरची एक संध्याकाळ वाचते.